विंचवाच्या बिऱ्हाडातला दिवा

तीन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या दिंडीत उजेडाचे खाते माझ्याकडे आले. मास्तर शाळेत विजेचा धडा शिकवतात, तेव्हा त्यांना विजेतले कळत असणारच, असा गावकऱ्यांचा समज होता. आणि तो खोडून काढण्याइतका प्रामाणिकपणा मला त्या दिवशी सुचला नाही. तालुक्याला जाऊन मी ट्रकला लावतात तसली थोरली बॅटरी आणली, एक इन्व्हर्टर आणला, ट्रकच्या टपावर सोलरचे एक पॅनेल बांधून घेतले, आणि यंदा माळावरही घरच्यासारखा लख्ख उजेड पडणार, असे सर्वांना सांगून टाकले. सासवडपर्यंत माझा शब्द राहिला. जेजुरीलाही कसाबसा राहिला. वाल्ह्याच्या मुक्कामी रात्री नऊच्या सुमारास, जेवणे आटोपत आली असता, इन्व्हर्टरने तीन शिट्या घातल्या आणि राहुट्या काळ्याठिक्कर पडल्या. त्या अंधारात सत्तरीच्या एक आजी हात धुवायला म्हणून उठल्या, राहुटीच्या दोराला अडखळल्या आणि हातावर पडल्या. मनगट मोडले.

पुढची वारी त्यांनी प्लास्टर घातलेला हात गळ्यात बांधून ट्रकमध्ये बसून केली. मला त्या काही लागेलसे बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "मास्तर, आमच्या वक्ताला कंदील असायचा. एकच असायचा, पण त्याला कुणी फोन लावत न्हवतं." सगळे हसले. मला हसता आले नाही, कारण आजींनी एका वाक्यात माझी चूक नेमकी दाखवून दिली होती.

घरी परतल्यावर मी वाचायला बसलो. घर मागे टाकून, किंवा घर बरोबर घेऊन, तारा नसलेल्या ठिकाणी रात्र काढणारी माणसे आपल्या उजेडाची तजवीज आजवर कशी करीत आली, हे मला पाहायचे होते. या शोधात ज्यांची गाठ पडली त्यांत निम्मे लोक हौशी निघाले. इंग्लंड-अमेरिकेत चाकांवरचे घर गाडीला जोडून रानावनात मुक्काम करण्याचा एक जुना षोक आहे, आणि दिंडीच्या ट्रकपुढे जो प्रश्न उभा राहतो तोच त्यांच्यापुढेही रोज संध्याकाळी उभा राहतो. त्या गाडीला ते 'कॅरव्हॅन' म्हणतात. शब्द मूळचा फारसी, कारवाँ. अर्थ प्रवाशांचा तांडा. युरोपात जाता जाता तांड्यातले सोबती गळाले आणि एकटी गाडी उरली. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण त्या लोकांत असती तर त्यांनी गाडीवर रंगवून घेतली असती.

या षोकाचा आद्यपुरुष म्हणून डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांचे नाव घेतात. हे स्कॉटलंडचे गृहस्थ, इंग्रजांच्या आरमारात शल्यवैद्य होते आणि पुढे मुलांसाठी साहसकथा लिहून नावारूपाला आले. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या एका कारखान्यात 'वाँडरर' नावाची गाडी बांधवून घेतली. जिप्सी लोक चाकांवरच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहत होतेच. परंतु पोटासाठी नव्हे तर निव्वळ मौजेसाठी बांधलेले असे घर नवीन होते. आत महागनी लाकडाचे काम, वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे. बरोबर गाडीवान, नोकर, एक कुत्रा आणि एक बोलका पक्षी. रस्ता अरुंद म्हणून नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन समोरच्या वाहनांना सूचना देई. अशा थाटात स्वारी इंग्लंडातल्या ट्वायफर्डहून निघाली ती उत्तरेला इन्व्हर्नेसपर्यंत गेली, आणि पुढच्याच वर्षी डॉक्टरांनी त्या प्रवासावर पुस्तक लिहिले. लेखकाचा प्रवास कधी फुकट जात नाही.

लंडनच्या होलबर्न भागात एडिसनचे वीजघर सुरू होऊन तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. शहरातल्या शेकडो घरांतही जिथे वीज नव्हती तिथे रानातल्या गाडीत ती कोठून असणार? तेलावर वात जळे आणि माणूस झोपी जाई. म्हणजे डॉक्टरांना निवड करण्याचा त्रास नव्हता. आणि ज्याला निवड करायची नाही त्याची फसगतही होत नाही. पुढे १९०७ साली अशा हौशी मंडळींचा 'कॅरव्हॅन क्लब' इंग्लंडात निघाला आणि स्टेबल्स त्याचे उपाध्यक्ष झाले. त्या सुमारास मात्र दिव्यांचे प्रकार वाढू लागले होते, आणि त्याबरोबर भानगडीही.

पहिला प्रकार कारबाइडचा. या दगडासारख्या पदार्थावर पाण्याचे थेंब पडले की ॲसिटिलीन नावाचा वायू निघतो आणि तो पांढऱ्याशुभ्र ज्योतीने जळतो. सायकलीला, मोटारीला, गाडीघराला हे दिवे लागले. आपल्याकडच्या जत्रांतही ते दिसत. त्यांचा तो लसणासारखा वास ज्यांनी घेतला आहे त्यांना जुनी जत्रा डोळ्यांनी आठवण्याआधी नाकाने आठवते. दुसरा प्रकार आपल्या चांगल्या ओळखीचा, तो म्हणजे पेट्रोमॅक्सची बत्ती. बर्लिनच्या माक्स ग्रेट्झ यांनी १९१०च्या सुमारास ती बाजारात आणली. रॉकेलला पंपाने दाब द्यायचा, त्याची वाफ करायची आणि ती वाफ जाळीच्या पिशवीत जाळायची. सारी जादू त्या पिशवीत, म्हणजे मेंटलमध्ये. तिचा शोध ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनज्ञाचा. थोरियमच्या क्षारात किंचित सीरियम मिसळून त्यात कापड भिजवायचे. कापड जळून जाते, राखेची जाळी उरते आणि ती तापली की दिवसासारखी उजळते.

इथे एक आडवाट घेतो. हे थोरियम कुठून येई? १९०९ साली शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला केरळातून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडले. तो मागोवा घेत त्रावणकोरच्या किनाऱ्यावर आला आणि तिथली वाळू जहाजांतून जाऊ लागली. म्हणजे दुसऱ्या कुठल्या देशातल्या रानात एखादे कुटुंब गाडीघरात बत्ती लावून बसले असेल, तर त्या बत्तीच्या जाळीत आपल्या समुद्राची वाळू असण्याचा पुष्कळ संभव होता. लग्नाच्या वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालणाऱ्या बायांना हे कोणी सांगितले नसेल. ती जाळी किंचित किरणोत्सर्गी असे, हेही कोणी सांगितले नसेल.

या साऱ्या दिव्यांत एक गोष्ट समान होती. उजेड हवा तेवढा जाळायचा आणि उरलेले तेल बाटलीत दिसायचे. संपत आले की डोळ्यांना कळे. विजेचे तसे नाही. बॅटरीत डोकावून पाहण्याची सोय नाही. माझी फजिती इथेच झाली.

वीज साठवण्याची विद्या तशी जुनी. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली. १८८१ साली त्याच्याच देशाच्या कामीय फोरने पत्र्यांवर लेप देऊन तिची ताकद वाढवली. पण ती सर्वांच्या घरी पोचली मोटारीमुळे. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसला, हँडल मारण्याचे कष्ट गेले आणि प्रत्येक मोटारीत एक बॅटरी आली, तिला भरणारा डायनमो आला. मोटारीच्या मागे जोडलेल्या घराला या विजेतला वाटा मिळणे ओघानेच आले. अमेरिकेत वॉली बायम यांनी १९३६ साली 'एअरस्ट्रीम क्लिपर' नावाची अ‍ॅल्युमिनियमची चकाकती गाडी काढली; तीत चौघांना झोपायची सोय होती, पाण्याची टाकी होती आणि विजेचे दिवे होते. हा बायम विलक्षण माणूस. आपल्या गाड्या खरोखर रानात टिकतात हे पटवण्यासाठी १९५९ साली त्याने ४१ गाड्यांचा तांडा आफ्रिकेत केपटाउनहून कैरोकडे काढला. कारवाँ शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत मिळाला, तो असा.

पण मोटारीच्या बॅटरीत एक खोच आहे, आणि ती दुकानदार सांगत नाही. निदान मला सांगितली नाही. इंजिन सुरू करायला क्षणभर प्रचंड वीज लागते, म्हणून तिच्यात पातळ पत्रे पुष्कळ बसवलेले असतात. ती पैलवानासारखी एक उचल करते आणि लगेच तिला खुराक मिळतो. रात्रभर मंदपणे वीज देऊन तळ गाठणे तिच्या प्रकृतीला मानवत नाही. दहा-वीस वेळा असे झाले की ती कायमची खंगते. या कामाला जाड पत्र्यांची वेगळी बॅटरी असते, आणि तीही निम्म्यापर्यंतच वापरावी असा नेम आहे. मी १५० अँपिअर-तासांची बॅटरी घेतली. १२ व्होल्टने गुणले की १८०० वॉट-तास होतात. हा आकडा पाहून मी खूश झालो होतो. त्यातले ९०० माझे नव्हतेच.

इंग्लंडातल्या हौशी लोकांनी ही अडचण बरीच वर्षे दुसऱ्या युक्तीने टाळली. १९३५ साली तिथे कॅलर कंपनीचा सिलिंडरमधला गॅस आला. चूल त्यावर, दिवे त्यावर आणि पुढे फ्रिजही त्यावर. आग पेटवून थंडावा करणारा फ्रिज म्हटल्यावर वाचकाला शंका येईल. परंतु १९२२ साली स्वीडनच्या फोन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही करामत केली. गॅसच्या ज्योतीने अमोनिया पाण्यातून बाहेर काढायचा, त्याला गार होऊ द्यायचे, मग तो उडून जाताना उष्णता घेऊन जातो. आत एकही हलणारा भाग नाही, आवाज नाही. गाडीघरांत हा फ्रिज आजही आहे. खुद्द आइन्स्टाइनने लिओ झिलार्डच्या जोडीने अशाच जातीच्या फ्रिजचे पेटंट घेतले होते. जगाला हलवून सोडणाऱ्या माणसाने न हलणाऱ्या फ्रिजच्या मागे लागावे, याची मला मौज वाटते.

इंजिनावरच्या जनरेटरबद्दल थोडक्यात लिहितो, कारण मला त्याचे प्रेम नाही. होंडाने १९६५ साली हाताने उचलून नेता येईल असा लहान जनरेटर काढला तेव्हापासून त्याने रानातली शांतता संपवली. त्याच्या धुरात वास नसलेला एक विषारी वायू असतो. गाडीत, तंबूत किंवा खिडकीशेजारी जनरेटर चालवल्याने झोपेतच माणसे गेल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. तरीही तंबूतल्या सिनेमाचे इंजिन आठवले की माझा राग निवतो. लहानपणी आमच्या जत्रेत टुरिंग टॉकीज येई. तंबूच्या मागे, बाभळीखाली, गाडीवर ते इंजिन थडथडत असे. पडद्यामागचा हिशेब चोख असे: प्रोजेक्टरच्या कार्बनच्या दिव्याला किती, कर्ण्याला किती, तिकिटाच्या खिडकीवरच्या बल्बला किती. त्यापलीकडे एक बल्ब कोणी लावू म्हटले तर इंजिनवाला लावू देत नसे. मी त्याला तेव्हा तुसडा समजत होतो.

आता सूर्याकडे येतो. उजेडापासून वीज होते हे फ्रान्सच्या एदमों बेकरेलने १८३९ सालीच पाहिले होते. पण त्याचा उपयोग व्हायला ११५ वर्षे लागली, आणि तो झाला तोही आमच्यासारख्याच एका अडचणीतून. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डॅरिल चेपिन यांच्यापुढे प्रश्न होता की दूरच्या दमट मुलखातल्या टेलिफोनला वीज द्यायची कशी. तिथे कोरड्या बॅटऱ्या फार लवकर निकामी होत. चेपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा सौरघट तयार केला आणि एप्रिल १९५४ मध्ये त्यावर खेळण्यातला पाळणा फिरवून दाखवला. जेमतेम सहा टक्के ऊन विजेत उतरत होते. किंमत अशी की ते विकत घेणारे गिऱ्हाईक पृथ्वीवर मिळेना, तेव्हा ते आकाशात गेले. मार्च १९५८ मध्ये सोडलेल्या 'व्हॅनगार्ड १' या दीड किलोच्या उपग्रहात दोन प्रक्षेपक होते, एक बॅटरीवर आणि एक सौरघटांवर. बॅटरीवरचा त्याच वर्षी जूनमध्ये गप्प झाला. सौरघटांवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. तो उपग्रह अजूनही पृथ्वीभोवती फिरतो आहे. मुका, पण बिऱ्हाड मोडलेले नाही.

१९७०च्या दशकाच्या आरंभी एलियट बर्मन यांनी एक्झॉन या तेलकंपनीच्याच पैशाने सौरघटांची किंमत एका वॉटमागे शंभर डॉलरवरून वीस डॉलरपर्यंत उतरवली, आणि त्यांचे मोठे गिऱ्हाईक ठरले समुद्रातल्या तेलविहिरींवरचे इशाऱ्याचे दिवे. तेलवाल्यांनीच सूर्याला चाकरीला ठेवावे, याला काय म्हणावे! पुढे किंमत उतरतच गेली आणि गाडीघरांच्या टपांवर पॅनेले दिसू लागली.

माझ्या मते मात्र खरी क्रांती पॅनेलने केली नाही. ती दिव्याने केली. जुन्या बल्बला ६० वॉट लागत, तेवढा उजेड एलईडी आठ-नऊ वॉटमध्ये देतो. निळ्या एलईडीवाचून पांढरा उजेड होत नव्हता, तो निळा दिवा साधणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल मिळाले. त्यानंतर बॅटरीचीही पालट झाली. लोह आणि फॉस्फेट यांच्या लिथियम बॅटरीचा पाया ज्या १९९७च्या निबंधाने घातला, त्यावर गुडइनफ यांच्या बरोबरीने पाधी आणि नंजुंडस्वामी अशी दोन आपल्याकडची नावे आहेत. ही बॅटरी जवळजवळ तळापर्यंत वापरता येते, हजारो वेळा भरता येते आणि वजनाला शिशाच्या निम्म्याहून कमी. महाग मात्र आहे, आणि गोठणबिंदूखाली ती भरता येत नाही. लडाखात गाडी नेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

एवढे वाचून झाल्यावर मी शाळेची जुनी वही घेतली आणि वाल्ह्याचा हिशेब मांडला. नऊ वॉटचे बारा दिवे, पाच तास: ५४० वॉट-तास. कीर्तनाचा माइक आणि कर्णे, तीन तास: १८०. आणि ४२ फोन, प्रत्येकी १५ धरून: ६३०. आजी जे म्हणाल्या ते वहीत उतरले होते. सगळ्या दिव्यांहून फोनच अधिक खात होते. इन्व्हर्टर स्वतःची दलाली घेतो ती धरून रोजचा खर्च दीड हजारांच्या पुढे. जमेच्या बाजूला आषाढातले आभाळ! १६५ वॉटचे पॅनेल वैशाखात दिवसाला ६०० वॉट-तास देईलही. ढगांखाली त्याने १५०सुद्धा दिले की नाही कोण जाणे. इंग्लंडचे गाडीवाले डिसेंबरात याच दुःखात असतात. तिथे पॅनेलला तेव्हा दिवसाकाठी तासाभराच्या कडक उन्हाइतकेही मिळत नाही.

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आखल्यापासून आपल्याकडेही या गाड्यांची चर्चा वाढली आहे. माझी वही ऐकून एका स्नेह्यांनी तसली गाडी करून घेण्यापूर्वी मला विचारले, "कुठली बॅटरी घेऊ?" मी म्हटले, "आधी रात्री काय काय लावणार ते लिहून आणा." त्यांच्या यादीत पाणी तापवायची विजेची किटली होती. १२०० वॉटची किटली १२ व्होल्टवर १०० अँपिअर ओढते. तिला करंगळीएवढी जाड तार लागते, आणि बॅटरीलगत फ्यूज नसेल तर चहाऐवजी गाडीच उकळायची. लहान फ्रिजला दिवसाला साडेतीनशे-चारशे वॉट-तास, पंख्याला रात्रभरात दीडशे. एसीचे नाव त्यांनी स्वतःच खोडले. किटली मी खोडली. चहा गॅसवर होतो.

दिंडीची व्यवस्था आता अशी आहे. तीन वॉटचे दहा दिवे, थेट १२ व्होल्टवर, म्हणजे इन्व्हर्टरची दलाली फक्त माइकपुरती. बॅटरी लिथियमची, १०० अँपिअर-तासांची. ऊन पडले नाही तरी दोन रात्री निघतात. पॅनेल टपावर आहे, पण त्याच्यावर भिस्त नाही. खरी भिस्त ट्रकच्या अल्टरनेटरवर. मुक्कामाहून मुक्कामाला जाताना ट्रक दोन तास चालतो, तेवढ्यात मध्ये एक चार्जर बसवला की सातशे-आठशे वॉट-तास जमा होतात. केटरिंगच्या काळापासून ही वीज मोटारीत होतीच, आणि मी आभाळाकडे पाहत बसलो होतो.

फोनांसाठी वहीत तीन गट पाडले आहेत; ज्याचा त्याचा तिसऱ्या दिवशी नंबर. पहिल्या वर्षी यावरून थोडी कुरबुर झाली. आजींचे मनगट जुळले, जरा वाकडे जुळले. गेल्या आषाढात त्या पुन्हा चालत आल्या. फोन त्यांच्याकडे नाही, म्हणून त्यांचा नंबर मी त्यांच्या नातवाला देऊ केला, तर त्यांनी मला वही मागून घेतली आणि ती उलटीसुलटी पाहून विचारले, "यात कंदिलाचं कुठं मांडलंय?" त्यांचा कंदील त्या घरून घेऊन आल्या होत्या. तो आम्ही राहुटीच्या दाराशी, दोर जिथे खुंटीला बांधतात तिथे, टांगला.